'नव्हतं ना?' असं विचारल्यावर बाई काय सांगणार

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकात शेतकरी आत्महत्यांच्या, सरकारी मदतीला पात्र-अपात्र ठरलेल्या प्रकरणांची बातमी वाचली. 'घरचे लोक चौकशीत माहिती लपवतात' असं एका अधिकाऱ्याचं म्हणणं तुम्ही छापलंय, ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

२०१५ च्या दुष्काळात माझा चुलत भाऊ गेला. तेरावं व्हायच्या आत चौकशीला लोक आले, ओसरीवर खुर्च्या टाकल्या, वहिनी दाराआड पदर घेऊन उभी आणि समोर सासरा, दीर, निम्मं गाव. पहिला प्रश्न काय, तर "दारू पीत होता का?" मग "घरात भांडणं व्हायची का?" सासऱ्यासमोर कोणती सून काय सांगंल? कर्जाचं सगळ्यात शेवटी आणि तेही असं, "सावकाराचं वगैरे काही नव्हतं ना?" ज्याच्याकडून पैसे उचलले तो परवानावाला सावकार त्याच ओसरीवर बसलेला, आणि पेरणीला परत त्याच्याच दारात जायचं होतं. वहिनी म्हणली, "नाही." बँकेनं तर कर्ज दिलंच नव्हतं. फाईल अपात्र.

२००६ च्या सरकारी निर्णयाप्रमाणं मदत एक लाख, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी कर्ज दाखवावं लागतं, मग तिला पैशासाठीच खोटं बोलायचं असतं तर ती 'होतं' म्हणली असती ना साहेब? तिनं स्वतःच्या नुकसानीचं खोटं सांगितलं, भ्यायली म्हणून.

महिन्याभरानं चुलीपुढं बसून तिनं माझ्या आईला सगळं सांगितलं, किती उचलले, कधी उचलले, डोरलं कुठं गहाण आहे. आई फक्त म्हणली होती, "लई सोसलंस गं बाई."

चौकशीला एखादी बाई पाठवा, आत बसून एकटीला विचारू द्या, दारूच्या आधी देण्याचं विचारा, आणि 'कुणाकुणाचं देणं आहे' असं विचारा. याला काही वेगळा निधी लागत नाही.

आणि एक, तुमच्याच पेपरात तेव्हा वहिनीचा रडतानाचा फोटो नाव-गावासकट आला होता, कुणी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. तो आजबी नेटवर सापडतो. तिचं पोरगं आता मोबाईल बघायच्या वयाचं झालंय. तेवढा काढून टाका.

एक वाचक, ता. परतूर, जि. जालना