आधी पायऱ्या मोजा, मग गाडी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता अनवाणी पावलांनी भरून जातो. माझे सासरे गिरणीत होते तोवर दरवर्षी त्या गर्दीत असत. पाळी संपवून निघायचे आणि ४५ किलोमीटर चालत जायचे. आज मामंजी ८१ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. घरात काठी टेकत चार पावलं टाकतात, बाहेर मात्र व्हीलचेअर लागते. गेल्या वर्षी त्यांनी आमच्याकडे एकच मागणं मागितलं, ‘एकदा आईचं दर्शन घडवा.’

आम्ही हौसेनं निघालो आणि पहिल्या पावलालाच चुकलो. मोठी गाडी म्हणजे आरामाची, अशा समजुतीनं उंच जीप ठरवली होती. तिच्या पायरीवर मामंजींचा पाय पोचेना. मुक्कामाच्या लॉजवर फोन केला तेव्हा ‘म्हाताऱ्या माणसांची सगळी सोय आहे, खोली तळमजल्यावर देतो’ असं सांगितलं होतं. खोली तळमजल्यावरच होती, पण दारात तीन पायऱ्या होत्या. न्हाणीघराचं दार २४ इंचांचं आणि खुर्ची २६ इंचांची. शेवटी माझ्या मुलानं आणि तिथल्या एका पोऱ्यानं त्यांना काखेत धरून उचललं. चारचौघांत असं उचलून नेलं जाणं त्यांना किती लागलं, ते परतीच्या वाटेवर कळलं. मामंजी एक शब्द बोलले नाहीत. मंदिराच्या महाद्वारातूनच आम्ही परत फिरलो होतो.

त्या लॉजवाल्याला मी दोष देणार नाही. मी त्याला ‘सोय आहे का’ एवढंच विचारलं होतं. दार किती रुंद आहे, कमोड आहे का, त्याच्या शेजारी धरायला दांडा आहे का, हे विचारायला हवं होतं. सोय प्रत्येकाची निराळी असते. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांना तासाभरानं स्वच्छतागृह लागतं, बरोबर खायला लागतं. आमच्या शेजारच्या काकांना दिसत नाही. त्यांना पायऱ्यांची भीती नाही, पण पायरी कुठे सुरू होते ते कुणी सांगावं लागतं. या तिघांना एकाच ‘ज्येष्ठ आणि दिव्यांग’ रकान्यात बसवून सहल आखली तर तिघांचेही हाल होतात. सहलीच्या फॉर्मवर कांदा-लसूण चालतो का, असं विचारतात. पायरी चढता येते का, हा प्रश्न मी तरी अजून पाहिला नाही.

मामंजींच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आमचे डोळे उघडले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, हे त्यांनी शिकवलं. कठड्याचंही सांगितलं. मामंजींचा फक्त डावा हात चालतो. जिन्याला एकाच बाजूला कठडा असेल, तर उतरताना जो डाव्या हाताला आला तो चढताना उजव्या बाजूला जातो, म्हणजे असून नसल्यासारखाच. तुळजापूरला तर मंदिर खाली आहे. जाताना पायऱ्या उतरायच्या आणि दमल्यावर त्याच चढायच्या. त्यामुळे ‘कठडा आहे’ एवढ्या उत्तरानं आमचं भागत नाही, तो दोन्ही बाजूंना आहे का, हे कळावं लागतं.

दुसऱ्या खेपेला धाकटे भावजी आठवडाभर आधी एकटेच जाऊन आले. पायऱ्या मोजल्या, टेकायच्या जागा वहीत टिपल्या, फोटो काढले. वाटेत कोणत्या पेट्रोल पंपावर कमोड आहे, तेही पाहिलं. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळून बुधवार धरला, आणि ऊन तापायच्या आत पोचायचं म्हणून पहाटेच निघालो. या वेळी गाडी साधी होती, जिची सीट खुर्चीच्या उंचीला येते. मुख्य म्हणजे ते फोटो आम्ही मामंजींपुढे ठेवले आणि कुठवर जायचं ते त्यांनाच ठरवू दिलं. एका फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले, ‘हितपर्यंत मी उतरतो. म्होरं तुम्ही जावा, मी हितनंच हात जोडतो.’ तसंच केलं. एकदाही त्यांना कुणी उचललं नाही.

पण भावजींसारखं आधी जाऊन पाहणारं माणूस प्रत्येक घरात कुठून असणार? सवलती आहेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वर्षांच्यांना अर्धं तिकीट आहे. पण तिकीट माफ झालं म्हणून बसची पायरी खाली येत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं वापरण्याजोगी करण्याची तरतूद आहे. सुगमतेचे नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राला सांगितलं. रॅम्पचं मापही ठरलेलं आहे, एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पायऱ्यांवर सिमेंटची घसरगुंडी ओतून तिलाच रॅम्प म्हणतात. तिच्यावरून खुर्ची खाली सोडायला माझं मन धजत नाही.

बांधकामं व्हायला वेळ लागेल, हे मला कळतं. माहिती द्यायला मात्र टेप आणि वही पुरते. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर, शिवाय आपलं एसटी स्थानक आणि रेल्वे स्थानक, एवढ्या जागांपासून सुरुवात करता येईल. किती पायऱ्या, कठडा कोणत्या बाजूला, दाराची रुंदी किती, कमोड कुठे, गाडी कुठवर जाते, व्हीलचेअर मिळते का आणि कुणाकडे मागायची, एवढं देवस्थानांनी आणि महापालिकेनं दर्शनी फलकावर आणि संकेतस्थळावर लिहावं. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल, मात्र मोजताना बरोबर एखादा व्हीलचेअरवरचा आणि एखादा अंध माणूस असायलाच हवा. आणि आपण आठवड्याला एका ठिकाणाची अशी माहिती छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भावजींच्या वहीतल्या दोन पानांची प्रत पत्रासोबत जोडली आहे. मामंजींना आता अक्कलकोटला जायचंय. गुरुवार सोडून जाणार आहोत. भावजी परवा मोजायला जातील, ते आकडेही पाठवते.

आपली नम्र,
एक वाचक, जुळे सोलापूर