जुलैत काय बघायचं, विचारतोस म्हणून

२६ जून २०२३

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. चार ओळी बाळाच्या, दोन अपुऱ्या झोपेच्या आणि शेवटी एकच प्रश्न: "जुलैत दोनदाच बाहेर पडता येईल असं दिसतंय. काय बघू?" तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आठवड्याला दोन-दोन चित्रपट बघायचो तेव्हा निवडायची वेळच येत नसे. एखादा फसला तर चार दिवसांनी दुसरा होताच. आता तुझ्या हातात अख्ख्या महिन्यात दोनच संध्याकाळी आहेत आणि महिनाही नेमका असा आलाय की दोन निवडताना चार सोडवत नाहीत.

आधी एक जुनी गोष्ट आठव. आपण उशिरा पोचलो, ज्यासाठी गेलो होतो त्याची तिकिटं संपलेली, म्हणून शेजारच्या पडद्यावर जे लागलं होतं त्यात शिरलो. नावसुद्धा धड वाचलं नव्हतं. जागा मिळाली पहिल्या रांगेत, मान वर करून बसलो. पहिली दहा मिनिटं हा चित्रपट विनोदी आहे की भयपट हेच कळेना. तू माझा दंड धरून ठेवला होतास आणि मध्यंतरात उठायचंही भान राहिलं नाही. बाहेर आलो तेव्हा तुझ्या मुठीत तिकिटाचा घामाने भिजलेला लगदा होता. तसं पुन्हा फारसं झालं नाही, कारण त्यानंतर आपण कुठल्याच चित्रपटाला कोऱ्या मनाने गेलो नाही. टीझर बघतो, ट्रेलर बघतो, मग दुसरा ट्रेलर, मग चित्रीकरण कसं झालं त्याचा व्हिडिओ. म्हणून तुला गोष्टी सांगत बसणार नाही. काय येतंय, कोण करतंय आणि कशासाठी जावं, एवढंच लिहितो.

मला सगळ्यात जास्त ज्याची ओढ आहे तो चित्रपट तुला जुलैत बघताच येणार नाही. मलाही नाही. ॲनिमेशनपट करणाऱ्या जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकीचा नवा चित्रपट १४ जुलैला फक्त जपानमध्ये लागतोय. नावाचा अर्थ साधारण 'तुम्ही कसं जगणार?' असा. नाव १९३७ सालच्या एका जपानी कादंबरीवरून घेतलंय, पण गोष्ट मियाझाकीची स्वतःची. माणूस ८२ वर्षांचा आहे. २०१३ मध्ये त्याने पूर्ण लांबीचे चित्रपट थांबवल्याचं जाहीर केलं होतं, आणि आता हा. पण मला भारावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. निर्माते तोशिओ सुझुकी यांनी ठरवलंय की ट्रेलर नाही, टीव्हीवर जाहिरात नाही, वर्तमानपत्रात नाही. फक्त एक पोस्टर. त्यावर पेन्सिलीने काढल्यासारखा एक पक्षी, चोचीखालून एक डोळा डोकावतोय असं वाटतं, आणि बाकी सगळा पांढरा कागद. त्यांचं म्हणणं असं की लहानपणी पोस्टर आणि नाव एवढंच हाती असायचं आणि त्यावरून आत काय असेल याची कल्पना करण्यातच मजा होती. ती मजा प्रेक्षकाला परत द्यायची आहे. किती मोठी जोखीम आहे ही! एवढ्या मेहनतीचं काम, आणि ते लोकांसमोर न्यायचं एका पक्ष्याच्या भरवशावर. १४ तारखेला जपानमध्ये पहिल्या खेळाला बसणाऱ्या माणसाचा मला मनापासून हेवा वाटतो.

याच्या अगदी उलट टोकाला टॉम क्रूझ. 'मिशन: इम्पॉसिबल'चा सातवा भाग १२ जुलैला, बुधवारीच येतोय. दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वॉरी. नॉर्वेमधल्या एका कड्यावरून मोटरसायकल हवेत सोडून पॅराशूटने खाली यायचं, हा त्यातला मुख्य प्रसंग. क्रूझने ती उडी स्वतः मारली आणि तीही पुन्हा पुन्हा. हे मला कसं माहीत? कारण गेल्या डिसेंबरात त्यांनी त्या उडीच्या तयारीचा अख्खा व्हिडिओच प्रसिद्ध केला. मी तो बघितला, दोनदा बघितला, आणि आता हळहळतोय. जो क्षण मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा बघून खुर्चीचा हात घट्ट धरायचा, तो मी सहा महिने आधी फोनच्या पडद्यावर बघून बसलो. तू तो व्हिडिओ बघितला नसशील तर मुळीच बघू नकोस. चित्रपट चांगला असेल याची मला खात्री वाटते, कारण ही माणसं मारामारी आणि पाठलाग डोळ्यांना नीट कळतील असे घेतात. फक्त नावातच 'पार्ट वन' आहे, म्हणजे गोष्ट अर्धी राहणार. दोनच संध्याकाळी हातात असताना अर्ध्या गोष्टीला एक द्यावी का, इथे मी अडलो.

आता २१ जुलै. त्या एका शुक्रवारी 'ओपनहायमर' आणि 'बार्बी' दोन्ही येतायत, आणि सगळीकडे याचीच चर्चा आहे. एक अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचा, एक बाहुलीचा. लोक त्यांची झुंज लावून मोकळे झालेत, काही जण एकाच दिवशी पाठोपाठ दोन्ही बघायचे बेत करतायत. मला ते पटत नाही. दोन्हींवर अन्याय होईल. एकातून बाहेर आलं की निदान एक रात्र तरी मध्ये जाऊ द्यावी.

'ओपनहायमर'बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे कुठल्या पडद्यावर बघतोस याने खरोखर फरक पडणार आहे. मी एकदा प्रोजेक्टरच्या खोलीत गेलो होतो. तिथल्या माणसाने ३५ मिलिमीटर फिल्मचा वीतभर तुकडा माझ्या हातात दिला. दिव्यासमोर धरला तर टपालाच्या तिकिटापेक्षाही लहान चौकट, आणि प्रत्येक चौकटीच्या कडेला चार-चार भोकं. अशा २४ चौकटी दर सेकंदाला दिव्यासमोरून सरकतात. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने हा चित्रपट ज्या मोठ्या फिल्मवर घेतलाय, त्यातल्या आयमॅक्सच्या, म्हणजे अवाढव्य पडद्यासाठीच्या फिल्मच्या, एका चौकटीला १५ भोकं लागतात आणि फिल्म उभी न धावता आडवी धावते. चित्रपट तीन तासांचा. त्यामुळे आयमॅक्स फिल्मची एक प्रत सुमारे १८ किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाची झालीय! अशी प्रत चालवू शकणारी चित्रपटगृहं साऱ्या जगात जेमतेम तीस, आणि त्यात आपल्या देशातलं एकही नाही. आपल्याला डिजिटल आयमॅक्सवर समाधान मानावं लागेल. तरीही तो पडदा सोडू नकोस. काही भाग कृष्णधवल आहे आणि त्यासाठी कोडॅकने या आकाराची कृष्णधवल फिल्म पहिल्यांदाच बनवून दिली. ओपनहायमरच्या नजरेतून दिसणारं ते रंगीत आणि बाहेरून त्याच्याकडे बघणारं ते कृष्णधवल, अशी मांडणी आहे म्हणे. चाचणीचा स्फोटही संगणकावर न रचता प्रत्यक्ष चित्रित केलाय.

तू म्हणशील, ही गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. १६ जुलै १९४५, न्यू मेक्सिकोचं वाळवंट, पहिला स्फोट, मग हिरोशिमा आणि नागासाकी. कोऱ्या मनाने जाण्याचं इथे काय? मीही यावर थांबलो होतो. पण महाभारतात अभिमन्यूचं काय होणार हे ठाऊक असूनही चक्रव्यूहाचा प्रसंग आला की आपला जीव वरखाली होतोच ना? काय झालं हे माहीत असतं, ते करताना त्या माणसाच्या आत काय चाललं होतं ते माहीत नसतं. आणि हा माणूस आपल्याला फार परकाही नाही. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात असताना तो तिथले प्राध्यापक आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकला आणि गीता मुळातून वाचली. काई बर्ड आणि मार्टिन शर्विन यांच्या ज्या चरित्रावर चित्रपट बेतलाय, त्याला २००६ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. शर्विन यांनी त्यासाठी जवळपास २५ वर्षं घालवली, आणि २०२१ मध्ये ते गेले. हा चित्रपट त्यांना बघायला मिळाला नाही याचं मला वाईट वाटतं. ओपनहायमर झालेल्या सिलियन मर्फीला एवढी वर्षं नोलनच्या चित्रपटांत दुय्यम भूमिका करताना बघितलंय. आता पहिल्यांदाच सगळा भार त्याच्या खांद्यावर आहे. नुसत्या त्याच्या चेहऱ्यासाठीही मी गेलो असतो.

आयमॅक्सचे पडदे तीन आठवडे नोलनसाठी राखून ठेवलेत, त्यामुळे क्रूझच्या चित्रपटाला ते जेमतेम नऊ दिवस मिळतील. तुझं मन मिशनकडे वळलंच तर २० तारखेच्या आत उरकून घे.

'बार्बी'ला नाक मुरडू नकोस. बाहुलीचा चित्रपट म्हणून मीही आधी मनातून बाजूला टाकला होता. पण दिग्दर्शक ग्रेटा गर्विग आहे. २०१९ च्या तिच्या 'लिटल विमेन'मध्ये दीडशे वर्षांपूर्वीची, लोकांना पाठ असलेली कादंबरी तिने काळाचा क्रम मोडून अशी मांडली की शेवट नव्याने कळला. असं करू शकणारी बाई बाहुलीची नुसती जाहिरात करून थांबणार नाही. ट्रेलरमधला एकच तुकडा तुला सांगतो, त्यापुढे एक अक्षर नाही. बार्बी झालेली मार्गो रॉबी उंच टाचांच्या चपला घालून उभी आहे, कॅमेरा फक्त पावलांवर. ती चपलांतून पाय बाहेर काढते, आणि टाचा तशाच वर राहतात. जमिनीला टेकतच नाहीत! कारण १९५९ पासून या बाहुलीचा पाय साच्यातूनच तसा येत आला. दोन-तीन सेकंदांचा तुकडा, पण तो बघितला आणि मला कळलं की या लोकांनी बाहुली हातात घेऊन नीट निरखलीय. ट्रेलर असावा तर असा. एक गोष्ट दाखवली, बाकीची मुठीत ठेवली.

बाकीचं भराभर सांगतो. इंडियाना जोन्सचा पाचवा आणि हॅरिसन फोर्डचा शेवटचा भाग महिन्याच्या उंबरठ्यावर येतोय. या वेळी दिग्दर्शक स्पीलबर्ग नाही, जेम्स मॅनगोल्ड आहे. संगीत मात्र जॉन विल्यम्सचंच, वयाच्या ९१ व्या वर्षी. ती धून ऐकायला मी जाईन, तुला आग्रह करणार नाही. 'इन्सिडियस'चा नवा भाग ७ जुलैला. भयपट तुला झोपेच्या या अवस्थेत नकोतच.

२८ तारखेला करण जोहरचा 'रॉकी और रानी की प्रेम कहानी'. सात वर्षांनी तो चित्रपटगृहासाठी दिग्दर्शन करतोय. रणवीर आणि आलियासाठी लोक जातील, माझं लक्ष धर्मेंद्र आणि जया बच्चन यांच्याकडे आहे. १९७१ च्या 'गुड्डी'मध्ये ती धर्मेंद्रवर जीव ओवाळून टाकणारी शाळकरी मुलगी होती आणि तो स्वतःचीच भूमिका करत होता. आता 'गुड्डी'ला बावन्न वर्षं झाल्यावर दोघं एका चित्रपटात, आजी-आजोबांच्या वयाचे. हे त्यांनी कसं वापरलंय ते बघायचंय. हा ऑगस्टातही टिकेल, घाई नको.

आणि एक काम सांगतो. या शुक्रवारी, ३० जूनला, केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' लागतोय. सहा बहिणींची गोष्ट; रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने अशा बायका. काकूंना आणि वहिनींना दोघींना पहिल्या दोन-तीन दिवसांतच पाठव आणि बाळाला तू सांभाळ. मराठी चित्रपटाला सुरुवातीच्या तीन दिवसांत माणसं आली नाहीत तर सोमवारपासून शो कमी होतात, मग चित्रपट चांगला असूनही बघायला उरत नाही. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत आपण असे किती घालवले आठव.

मे महिन्यापासून अमेरिकेतले पटकथालेखक संपावर आहेत आणि आता कलाकारही जातील अशी चिन्हं आहेत. तसं झालं तर यांतल्या बऱ्याच चित्रपटांचे कलाकार प्रसिद्धीला येणार नाहीत. येऊ नयेतच. ज्यांनी लिहिलं त्यांना ऑनलाइन दाखवल्या जाणाऱ्या कामाचा योग्य वाटा मिळायला हवा, आणि यंत्राकडून लिहून घेऊन त्यांना बाजूला सारू नये, ही मागणी मला शंभर टक्के रास्त वाटते.

तर माझं ठरलं. तुझी पहिली संध्याकाळ 'ओपनहायमर', मिळेल त्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर. दुसरी 'बार्बी', मध्ये चार-पाच दिवस सोडून, आणि त्या संध्याकाळी वहिनींना घेऊन जा. आजपासून दोन्हींचं काहीही बघू नकोस, वाचू नकोस, कुणी पाठवलं तर उघडू नकोस.

मी २३ तारखेच्या रविवारचा संध्याकाळचा शो धरलाय. तूही तुझ्याकडे त्याच दिवशीचं, शक्यतो त्याच वेळेचं तिकीट काढ. आगाऊ बुकिंग सुरू झालं की लगेच काढ, शेवटच्या दिवसावर टाकू नकोस. संपल्यावर घरी जा, बाळ झोपलं की फोन कर. कितीही उशीर झाला तरी मी जागा असेन. तोवर एक शब्दही लिहू नकोस.

काकूंना नमस्कार, बाळाला पापा.

तुझा,
शेजारच्या खुर्चीतला