‘कबूल’ म्हणण्याआधी कुणीतरी कागद वाचायला हवेत : सल्ला केंद्राच्या मदतीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

विजयनगरला कोर्टाजवळचे आपले मोफत कायदा सल्ला केंद्र कुणाच्या जिवावर उभे आहे हे सांगलीकरांना नव्याने सांगायला नको. तरी ऋण मानलेच पाहिजे. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या जुन्या जागेत पाणी शिरले, फायलींचा लगदा झाला. तेव्हा मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत्यांनी दोन लोखंडी कपाटे पाठवून दिली, वर ‘माझे नाव कुठे छापायचे नाही’ अशी ताकीद. (छापलेले नाही, भाऊ!) मिरजेच्या निवृत्त शिरस्तेदार (कोर्टातले मुख्य कारकून) काकांनी भिजलेली दोषारोपपत्रे दोरीवर वाळवून, इस्त्री फिरवून पुन्हा फायलींना लावली. आणि आपले ज्येष्ठ वकीलसाहेब आजही दर शनिवारी बिनफीचे येऊन बसतात, चहाही स्वतःच्या खिशातून पाजतात.

एवढे कशासाठी? जतचा ट्रॅक्टरवाला पोरगा घ्या. उसाच्या ट्रॉलीचा अपघात, केस झाली. दर तारखेला मजुरीचा खाडा आणि एसटीचे भाडे. आवारात कुणीतरी कानात सांगतो, “कबूल हो, दंड भर, मोकळा हो.” भरधाव वाहन चालवल्याबद्दल दंड हजार रुपयांपर्यंतच, म्हणून पोरगा भुलतो. पण दोषी ठरल्याची नोंद राहते ती राहतेच. नोकरीच्या पोलीस पडताळणीत ती निघते, नुकसानभरपाईच्या दाव्यात तीच कबुली पुढे केली जाते. आणि कबुलीवर शिक्षा झाली की अपील उरते ते शिक्षा किती आणि कायदेशीर का, एवढ्यापुरतेच.

आपले वकील आधी चार्जशीट वाचतात. पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा कुठे दाखवल्यात, साक्षीदाराने स्वतः पाहिले की नुसते ऐकले? पुरावा कच्चा असेल तर “केस चालवू” म्हणतात. पक्का असेल तर तेही तोंडावर सांगतात. मग हिशेब मांडायचा : आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, पहिल्याच गुन्ह्यात १९५८ च्या कायद्याने परिवीक्षेवर (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर) सुटण्याची शक्यता असते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेवर तडजोड करण्याचा, अर्ज करता येतो (स्त्रिया व मुलांविरुद्धचे गुन्हे सोडून), पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कोर्टाने आरोप निश्चित केल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. मुदत गेली की हळहळून उपयोग नाही. हो की नाही हे पक्षकारानेच ठरवायचे. ‘मी केलेच नाही’ म्हणणाऱ्याला आपल्याकडे कुणी कबूल व्हायला सांगत नाही.

“चोरांना कशाला मदत?” हे आम्ही फार ऐकले. वर्धापनदिनाला टाळ्या भरपूर झाल्या. दिवाळीत वाटलेली पावती पुस्तके मात्र बरीचशी कोरीच परत आली, एक तर परतच आले नाही. मनाला लागते, पण असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील देते. त्याचे अर्ज आम्हीच भरून देतो. तारखेला यायचे भाडे मात्र आपल्यालाच उभे करावे लागते.

तातडीची गरज ६० हजार रुपये : थकलेले जागाभाडे, नकलांची फी, झेरॉक्स, पक्षकारांचे एसटी भाडे. महिनाअखेरीच्या आत हवेत, जागामालक आता थांबणार नाहीत. रोख वा चेक केंद्रात संध्याकाळी ५ ते ७, रविवार बंद, पावती घ्यावीच. मोबाईलवरून पाठवल्यास नाव-गाव कळवावे, नाहीतर पावती कुणाच्या नावे फाडायची? तरुण वकिलांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा. जुने झेरॉक्स मशीन देणाऱ्यांनी ते चालते का, हे आधी बघून मगच आणावे.

आपला,
कार्यवाह