प्लॅन वाढवण्याआधी पिंग बघा

महोदय,

घरचे नेट रखडू लागले की बहुतेक घरांत दोनच उपाय होतात. स्पीड टेस्ट लावायची आणि मोठा प्लॅन घ्यायचा. टेस्टमध्ये १०० दिसत होते तिथे २०० दिसू लागतात, आणि साइट मात्र आधीइतकीच अडखळत उघडते. मग कंपनीच्या नावाने बोटे मोडणे आलेच. दर वेळी दोष तिचाच असतो असे नाही. दुखते एक आणि मोजले जाते भलतेच.

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, कारण हा आकडा बिटांचा असतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. तीन मेगाबाइटचे जड पान या हिशेबाने पाव सेकंदात यायला हवे. तसे होत नाही, कारण मजकूर यायला लागण्याआधीच बरीच ये-जा व्हावी लागते. साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता विचारायचा, मग सर्व्हरशी जोडणी करायची, मग सुरक्षित जोडणीच्या किल्ल्या ठरवायच्या आणि मग कुठे पान मागायचे. पहिले अक्षर हाती पडेपर्यंत तीन-चार हेलपाटे होतात. एका हेलपाट्याला २० मिलिसेकंद लागत असतील तर जाणवतही नाही; २०० लागत असतील तर पाऊण सेकंद नुसत्या जाण्यायेण्यातच गेला. चित्रे, फाँट, जाहिराती वेगळ्या ठिकाणांहून येतात, त्यांचे हेलपाटे आणखी वेगळे. रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही.

एका हेलपाट्याला लागणारा वेळ मोजायची आज्ञा म्हणजे पिंग; त्या वेळेलाही पिंगच म्हणतात. म्हणून तपासणी त्यानेच आणि घरातूनच सुरू करावी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) दिले की 'डिफॉल्ट गेटवे'समोर राउटरचा पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. त्याला पिंग करा, म्हणजे 'ping' आणि पुढे तो पत्ता टाइप करा. साध्या पिंगमध्ये चारच फेऱ्या होतात आणि त्यावरून काही ठरत नाही. आज्ञेच्या शेवटी '-टी' (-t) जोडून मिनिटभर चालू द्या आणि कंट्रोल-सी दाबून थांबवा. केबलने जोडलेल्या संगणकाला उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास मिळते. वायफायवर दोन ते सात-आठ आले तरी ठीक. पण ३, ४, १८०, ३, मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', मग ९५ अशी रांग दिसली तर दुखणे तुमच्याच भिंतींच्या आत आहे. कंपनीचा माणूस बोलावून काही उपयोग नाही.

बहुतेक वेळा यात वायफायच सापडते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच तिघांत दाटीवाटीने बसलेले असतात. फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये कमी गर्दीचा चॅनेल बघून तो राउटरमध्ये कायम करावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केली तर वेग वाढण्याऐवजी भांडणच वाढते. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो, तेव्हा ठरावीक वेळीच नेट गचके खात असेल तर आधी स्वयंपाकघरात डोकवावे. राउटरच्याच खोलीत असाल तर ५ गिगाहर्ट्झ घ्या. दोन भिंतींपलीकडे मात्र तो लवकर दम तोडतो. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला; तो उणे ६५ डीबीएमच्या आसपास असेपर्यंत चिंता नाही. उणे ८० ला पोचलात तर राउटरची जागा बदला. तो कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर ठेवण्याची हौस अनेकांना असते. स्वस्त रिपीटर हा उपाय मला पटत नाही. एकाच पट्ट्यावर ऐकायचे आणि त्याच पट्ट्यावर पुढे सांगायचे, त्यात निम्मा वेग जातो. त्यापेक्षा एक केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारी वेगळी पेटी) बसवलेला बरा.

केबलचेही एकदा बघून घ्यावे. हजार एमबीपीएसला आतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. एक तार तुटली किंवा प्लग नीट क्रिम्प झाला नाही तर अनेकदा जोडणी तुटत नाही, गुपचूप शंभरावर येते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड'ला १०० दिसले, तर केबल बदलून पाहा.

राउटरपर्यंत सारे ठीक निघाले तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ला, म्हणजे गुगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या बाहेरच्या सर्व्हरला, पिंग लावा. इथे एक गोष्ट फार थोडे लोक करतात, आणि खरे दुखणे बहुधा तिथेच असते. पिंग चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा. पिंग १५ वरून ३० झाला तर हरकत नाही. ५०० ते ८०० वर उडी मारली तर चोर सापडला. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि राउटर किंवा मोडेममध्ये एक मेगाबाइटचा साठा तुंबला आहे. आठ मेगाबिट, सेकंदाला दहा, म्हणजे तो उपसायलाच ०.८ सेकंद लागतो. तुमची साइट उघडण्याची इवलीशी विनंती या रांगेच्या शेपटीला उभी राहते. घरात कोणी डाउनलोड करत नसताना नेट का रखडते, याचे उत्तर फोटोंच्या बॅकअपमध्ये आणि क्लाउडवरच्या कॅमेऱ्यांत असते. रांग तुंबण्याच्या या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. राउटरमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक असा रांग आवरणारा पर्याय असेल तर तो चालू करून मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधावी, म्हणजे रांग मोडेमात न तुंबता राउटरच्या ताब्यात राहते. दहा-पंधरा टक्के वेग जातो, पान मात्र झटकन उघडते. तो पर्याय नसेल तर बॅकअपची वेळ मध्यरात्रीनंतरची ठेवा आणि कॅमेऱ्यांचा बिटरेट उतरवा. प्लॅन घेताना अपलोडचा आकडा विचारा, तो जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो.

पान कोरे राहून दोन-चार सेकंदांनी एकदम भरत असेल तर संशय डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून अंकी पत्ता सांगणाऱ्या सेवेवर, घ्यावा. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, 'नेटवर्क' निवडा, त्या दिवशी न उघडलेली एखादी साइट उघडा आणि पहिल्या ओळीवर क्लिक करून 'टायमिंग' बघा. 'डीएनएस लुकअप'ला शेकडो मिलिसेकंद लागत असतील तर राउटरमधले डीएनएसचे पत्ते बदलून पाहा आणि मग उपकरणे पुन्हा जोडा, तोवर ती जुनेच पत्ते वापरत राहतात. दोन पत्त्यांतला पहिला मेलेला असेल तर दर वेळी त्याची वाट पाहून मग दुसऱ्याला विचारले जाते, हे कोऱ्या पानाचे नेहमीचे कारण. डीएनएस बदलल्याने डाउनलोडचा वेग वाढतो असे सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. 'वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स' मोठे दिसले आणि बाकी साइट पटापट उघडत असल्या, तर तो सर्व्हरच संथ आहे. राउटर बंद-चालू करत बसू नका.

ठरावीक साइटच अर्ध्यात लटकत असतील आणि जोडणी पीपीपीओईची (राउटरमध्ये कंपनीने दिलेले नाव आणि पासवर्ड भरून होणारी) असेल, तर राउटरमधला एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या पाकिटाचा कमाल आकार, तपासावा. दीड हजारातले आठ बाइट पीपीपीओई खातो, म्हणून तो १४९२ हवा.

कंपनीकडे तक्रार करायचीच तर 'नेट स्लो आहे' एवढ्यावर थांबू नका. केबलने जोडलेल्या संगणकावरून घेतलेला राउटरचा पिंग, बाहेरचा पिंग आणि वेळ लिहून पाठवा. फायबर असेल तर मोडेमच्या पानावरचा 'आरएक्स पॉवर'ही कळवा. तो उणे २७ डीबीएमच्या जवळ गेला असेल तर बहुधा जोड खराब आहे किंवा तार कुठेतरी काटकोनात वाकली आहे. ट्रेसर्टमध्ये (वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या आज्ञेत) मधल्या एखाद्या टप्प्यावर तारांकने दिसली म्हणून तिथे बिघाड आहे असे समजू नये. अनेक राउटर अशा चौकशीला उत्तर देत नाहीत, पुढचे टप्पे व्यवस्थित असतील तर ते सोडून द्यावे.

एवढे सगळे नीट निघूनही एखादी साइट रांगतच उघडत असेल तर ब्राउझरच्या एक्स्टेन्शन बंद करून पाहा, आणि एफ१२च्या त्याच यादीत खाली सरकत जा. बातम्यांच्या साइटवर ही यादी कधी कधी शेकड्यांत जाते. चार परिच्छेदांच्या बातमीला जाहिरातींचे आणि वाचकांवर पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टचे एवढे वऱ्हाड. आपल्या वृत्तपत्राच्या साइटवर ती केवढी आहे, हे आपल्या तंत्रविभागाने एकदा मोजून छापावे, ही विनंती.

आपला,
नेटवर्कच्या कामातला एक वाचक