‘राहून गेले’ आणि ‘मी केले नाही’

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आत्याला भेटायला जाणे मी जवळजवळ आठ महिने पुढे ढकलत होतो. कोणी विचारले, आणि त्याहून अधिक वेळा मी स्वतःलाच विचारले, तर उत्तर ठरलेले असे : ‘जायचे राहून जाते, वेळच मिळत नाही.’ एका संध्याकाळी हेच वाक्य मनात उमटले, तेव्हा मी तासाभरापासून मोबाइल चाळत बसलो होतो. वेळ मिळाला होता. तो मी दुसरीकडे घालवला होता. त्या दिवसापासून मी स्वतःशी काय बोलतो याकडे बारकाईने लक्ष देऊ लागलो आणि जे आढळले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

‘उशीर झाला’, ‘राग आला’, ‘विसरायला झाले’, ‘जमले नाही’, ‘तोंडातून निघून गेले’. दिवसभरात आपण मनाशी बोलतो त्यांतील कितीतरी वाक्ये अशी कर्त्यावाचून, म्हणजे ते करणारा ‘मी’ गाळून, असतात. यात मराठीचा दोष नाही. भूक लागते, ताप येतो, ठेच लागते. जे खरोखरच आपल्या इच्छेविना घडते ते सांगायला ही रचना अगदी अचूक आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपण विचार करून, पर्याय समोर असताना केलेली किंवा टाळलेली गोष्टही याच साच्यात ओततो आणि मग ती तापासारखी आपल्यावर येऊन आदळली असे आपल्यालाच खरे वाटू लागते.

शब्दांचा हा फरक केवळ वरवरचा नाही. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना आगीच्या एकाच घटनेचे दोन वृत्तान्त वाचायला दिले होते. एकात एका बाईने मेणबत्ती पाडली असे होते, तर दुसऱ्यात मेणबत्ती पडली असे. घटना तीच असूनही पहिला वृत्तान्त वाचणाऱ्यांनी बाईला अधिक जबाबदार धरले आणि तिच्याकडून अधिक भरपाई घ्यावी असे सुचवले. दुसऱ्याविषयी वाचताना एका क्रियापदाने आपला निवाडा बदलत असेल, तर स्वतःविषयी तीच वाक्ये वर्षानुवर्षे घोकल्यावर काय होत असेल, याचा विचार व्हायला हवा.

‘करावे लागते’ हे त्याहून चिवट आहे. ‘कामावर जावे लागते’, ‘त्याच्याशी गोड बोलावे लागते’, ‘गोड सोडावे लागले’. वॅनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅग्टवेट यांच्या 2012 मधील प्रयोगात मोह टाळताना ‘मला खाता येत नाही’ या अर्थाचे शब्द वापरणाऱ्यांपेक्षा ‘मी खात नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी अधिक जणांनी पुढे पौष्टिक खाऊ घेतला. पहिल्या वाक्यात बंदी आहे, दुसऱ्यात निश्चय. मी स्वतः ‘कामावर जावे लागते’ याऐवजी ‘मी कामावर जातो, कारण घर चालवण्याची जबाबदारी मी घेतली आहे’ असे म्हणून पाहिले. काम तेच राहिले, पण सकाळची चडफड बरीच ओसरली. एखाद्या वाक्यातील ‘कारण’पुढे काही केल्या उत्तर सुचेना, तेव्हा ते काम सोडून देण्याचा विचार प्रथमच प्रामाणिकपणे करता आला.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. आजार, गरिबी, दुसऱ्याची दडपशाही यांत अडकलेल्या माणसाला ‘हे तूच निवडलेस’ असे ऐकवणे हा शुद्ध क्रूरपणा आहे. ज्याच्यापुढे खरोखर पर्याय नाही त्याचे ‘करावे लागते’ हे सत्यकथन आहे. ही तपासणी ज्याने त्याने स्वतःपुरती करावी. दुसऱ्याच्या बोलण्यातील कर्ता शोधत फिरू नये. शिवाय जबाबदारी घेणे म्हणजे स्वतःला झोडपणे नव्हे. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस कृतीचे मूल्यमापन आणि माणसाचे मूल्यमापन यांत कायम फरक करत. ‘मी फोन केला नाही’ हे वाक्य पुरेसे आहे. त्याला ‘मी असाच नालायक’ हे शेपूट जोडले की बदलण्याची वाट पुन्हा बंद होते.

मला तर वाटते की कर्ता गाळण्याची सवय आपल्याला भीतीपोटी लहानपणीच जडते. मूल जेव्हा ‘ग्लास फुटला’ म्हणते, तेव्हा ते मार चुकवत असते. ‘माझ्या हातून फुटला’ म्हणणाऱ्या मुलाला ओरडा आणि ‘फुटला’ म्हणणाऱ्याला सूट, असे घरात होत असेल, तर मूल कोणते वाक्य शिकेल हे उघड आहे. खरे बोलणाऱ्या मुलाला आधी काचा गोळा करायला मदत करावी, बाकीचे नंतर बोलावे, अशी माझी पालकांना कळकळीची विनंती आहे.

आत्याकडे मी गेलो. ‘यायचे राहून गेले’ हे ओठांवर आले होते, ते मागे घेऊन मी म्हणालो, ‘मी आलो नाही, चूक झाली.’ परतताना लक्षात आले, की वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यातून कर्ता पुन्हा निसटला होता. दुसऱ्या दिवशी फोन करून ते वाक्य मी तिला नीट, पूर्ण सांगितले.

आपला नम्र,
एक वाचक