संत्रं ढिम्म हललं नाही!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात नातीच्या हट्टापायी शहरातल्या एका कॉलेजचं प्रदर्शन पाहून आलो. विद्यार्थ्यांनी इलेक्ट्रॉनिक्स वापरून केलेल्या कलाकृती होत्या. माणूस जवळ आला, बोलला, हात लावला की हलणाऱ्या, उजळणाऱ्या. नागपूरच्या महाल भागात चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केल्यामुळे मला चित्राआधी त्यामागची वायर दिसते, हे आधीच कबूल करतो.

दारातच भिंतभर कागदी संत्री लावली होती. समोर उभं राहिलं की संत्रं फोडीफोडीनं उघडायचं. प्रत्येकाखाली घुबडाच्या डोळ्यांसारख्या दोन गोल जाळ्या. एकीतून 40 किलोहर्ट्झचा, आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज निघतो आणि माणसावर आपटून दुसरीत परत येतो. माणूस मीटरभर लांब असेल तर जाऊन यायला जेमतेम 6 मिलिसेकंद. त्यावरून अंतर कळतं नि मोटर फिरते. उद्घाटनाचे पाहुणे नेमके सत्काराची जाड शाल पांघरून समोर आले. संत्रं ढिम्म! मऊ कापड असला आवाज पिऊन टाकतं, परत फारसं काही येत नाही. फोटोग्राफर ताटकळले, आयोजक घामाघूम. संत्री बनवणाऱ्या पोरीनं एका वाक्यात उलगडा केला असता, पण गर्दी नको म्हणून विद्यार्थ्यांना सभागृहातच बसवून ठेवलं होतं. शेवटी मीच म्हणालो, "साहेब, हातातला नारळ पुढं धरा." धरला, आणि संत्रं उघडलं. श्रीफळाचा इतका रोकडा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

आत पुठ्ठ्याची मारबत होती, म्हणजे पोळ्याच्या पाडव्याला ईडा पीडा घेऊन जायला आपण नागपुरात जिची मिरवणूक काढतो तो पुतळा. तिच्यापुढं 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं जितक्या जोरानं ओरडाल तितके तिच्या अंगावरचे दिवे वर चढणार. आणि शेजारी पाटी काय? 'स्पर्श करू नये. शांतता राखावी.' लोक बिचारे अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या जुन्या संग्रहालयात, फिरावं तसे हात मागे बांधून पुढं सरकत होते. नातीनं एकदाच घसा मोकळा केला, तर पहारेकरी धावला, "काहून ओरडून राहिली वं पोरी?" त्याचा तरी काय दोष? त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. तो वळल्यावर मागच्या एक आजी माइकशी वाकून पुटपुटल्या, "घेऊन जा गे गुडघेदुखी." एकच दिवा लागला. आजी मात्र लहान मुलीसारख्या हसल्या.

भाषणात पाहुणे म्हणाले, हे कालपरवाचं फॅड आहे. तसं नाही. 1966 साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट राउशेनबर्गसारखे कलावंत आणि बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेचे इंजिनिअर यांनी मिळून नऊ रात्री असेच प्रयोग केले होते. ज्या ट्रान्झिस्टरवर माझं घर चाललं, तो 1947 मध्ये याच बेल लॅब्जमध्ये जन्मला. या पोरांच्या टेबलाखाली जो आर्डुइनोचा निळा बोर्ड, म्हणजे मोटर-दिवे चालवणारा छोटा कॉम्प्युटर होता, तोही 2005 साली इटलीत निघाला, तो डिझाइनच्या विद्यार्थ्यांना सोपं जावं म्हणून.

प्रदर्शन दोनच दिवस, तेही कामाचे, पाच वाजता बंद. नोकरदार आईबापांनी पोरांना आणावं कधी? निदान एक रविवार तरी ठेवायचा. पाट्या साध्या मराठीत हव्यात: 'इथं ओरडा', 'इथं उभे राहा'. आणि ज्यानं जे केलं तो त्याच्याजवळच उभा हवा. टाळ्या वाजवायला दुसरे मिळतील. रमण विज्ञान केंद्रात पोरं बटणं दाबायला, दांडे फिरवायला बिचकत नाहीत. तिथं आठवडाभर हे मांडता आलं तर नागपूरकर रांगा लावतील.

निघता निघता ती मुलं सभागृहातून सुटून आली. मारबतीचे दिवे मधेच विझत होते. मागं वाकून पाहिलं तर माइकच्या वायरीला ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड. ज्यानं ती बनवली त्या पोट्ट्याला दाखवलं, तर म्हणाला, "काका, रात्री तीनला जोडलं हो." त्याच्याजवळ जोड पक्का करायला सोल्डरिंगचं आयर्न नव्हतं, तेही लॅबमध्ये कुलूपबंद. पुन्हा कुठं मांडणार असाल तर कळवा, माझं आयर्न घेऊन येतो.

आपला,
एक जुना रेडिओ मेकॅनिक
महाल, नागपूर