पेशंटला आधी उभं करणाऱ्या एक्स-रेवाल्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

गुडघा किंवा खुबा बदलण्याचं ऑपरेशन नीट झालं की सर्जनचं नाव होतं, फिजिओथेरपिस्टचे आभार मानले जातात, इम्प्लांटच्या, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, कंपनीचंही कौतुक होतं. पण ऑपरेशन करायचं का आणि करायचं तर कुठल्या सांध्याचं, हे बऱ्याचदा ठाण्याच्या नौपाड्यातल्या तुमच्या एक्स-रे खोलीत ठरतं. ते कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून ही ऑपरेशनं करणाऱ्या आम्हा डॉक्टरांचं हे पत्र. उघड लिहितोय, कारण एक्स-रे काढायला निघालेल्यांनाही त्यातलं काही उपयोगी पडेल.

पहिले आभार पेशंटला उभं करण्याबद्दल. गुडघ्यातली गादी, म्हणजे कूर्चा, एक्स-रेत उमटतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट, आणि त्या फटीवरून गादी किती उरलीय याचा अंदाज बांधायचा. निरोगी गुडघ्यात आतल्या बाजूला ती साधारण 4 ते 5 मिलिमीटर असते. टेबलावर झोपवलं की अंगाचा भार उतरतो, झिजलेल्या सांध्यातही फट मोकळी दिसते आणि रिपोर्टात ‘किरकोळ बदल’ येतं. तोच गुडघा उभ्याने घेतला की हाडाला हाड टेकलेलं दिसू शकतं. चिठ्ठीवर नुसतं ‘दोन्ही गुडघे’ लिहिलेलं असलं तरी तुम्ही फोन करून विचारता, ‘उभ्यानेच ना?’

उभं करण्यातही तुमची नजर असते. दुखऱ्या पायावरचा भार माणूस नकळत काढून घेतो. तुम्ही दोन्ही पायांवर सारखं वजन घ्यायला लावता. पायाची बोटं समोर आली म्हणून तुमचं समाधान होत नाही, गुडघ्याची वाटी समोर हवी असते. वाटी बाहेर वळलेली राहिली तर पाय आहे त्याहून जास्त वाकडा दिसतो किंवा खरा वाकडेपणा लपतो. सरळ पायाच्या फिल्ममध्ये काही सापडत नाही, पण ठाणे स्टेशनचा पूल चढताना कळ येते, असं सांगणाऱ्यांचा गुडघा 45 अंशांत वाकवून, उभ्याने, मागून पुढे असा एक एक्स-रे तुम्ही सुचवता. बऱ्याच गुडघ्यांत गादी आधी मागच्या भागात झिजते आणि ती जागा वाकलेल्या गुडघ्यातच भाराखाली येते. वाटीच्या मागचा सांधा बघायचा तर त्याची फिल्म वेगळीच.

तुमचं सगळ्यात मोठं ऋण खुब्याच्या पेशंटवर आहे. खुब्याच्या सांध्याला ज्या नसा जातात, त्यांच्याच फांद्या गुडघ्याकडे येतात. त्यामुळे खुबा खराब झालेला माणूस ‘गुडघा दुखतो’ म्हणून येतो आणि अगदी मनापासून गुडघाच दाखवतो. गुडघ्याची फिल्म स्वच्छ येते. मग तेल, पट्टा, गोळ्या असं महिनोन्‌महिने चालतं. खुबा ओळखायच्या खुणा मात्र साध्या आहेत: दुखणं जांघेत जाणवणं, मोजा घालताना किंवा पायाची नखं कापताना पाय जवळ न येणं, मांडी घालता न येणं, रिक्षात शिरताना पाय हाताने उचलून आत घ्यावा लागणं. चप्पल काढताना पेशंट कसा वाकतो हे तुम्ही बघता आणि आम्हाला विचारता, ‘गुडघा बरा दिसतोय, पण जांघ धरतायत. खुब्याचाही काढू का?’ या एका फोनने कितीतरी गुडघे उगाचच्या इंजेक्शनांपासून वाचलेत.

तिशी-चाळिशीतला पेशंट असेल, पूर्वी स्टिरॉइड घेतलेलं असेल किंवा दारू जास्त असेल, तर खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरायला लागल्याची शंका घ्यावी लागते. सुरुवातीला एक्स-रे अगदी नॉर्मल असतो. तिथे एमआरआयच लागतो. नॉर्मल फिल्म बघून पेशंटने निश्चिंत होऊ नये.

खुब्याच्या ऑपरेशनआधीच्या फिल्मवर आम्ही मापं घेतो, त्यामुळे तिथे तुमच्या हाताला फार किंमत आहे. दोन्ही पाय आत 15 ते 20 अंश वळवले तरच मांडीच्या हाडाची मान पूर्ण लांबीची दिसते. पाय बाहेर वळलेला असला तर मान आखूड भासते आणि इम्प्लांटचा अंदाज चुकतो. शिवाय फिल्मवर हाड खऱ्यापेक्षा साधारण 15 ते 20 टक्के मोठं उमटतं. किती मोठं, हे कळावं म्हणून 25 मिलिमीटरची धातूची गोळी शेजारी ठेवतात. ती टेबलावर ठेवली किंवा पोटावर ठेवली तर सगळा हिशेब फसतो; खुब्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड हाताला लागतं, त्याच उंचीला ती हवी. तुम्ही बोटाने हाड चाचपता आणि मग चिकटपट्टी लावता.

खुब्यापासून घोट्यापर्यंतची लांब फिल्म सगळ्यात कष्टाची. दोन-तीन तुकड्यांत काढून जोडायची, तोवर ऐंशीच्या आजीने जराही हलायचं नाही. पण तिच्यावरूनच खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतची रेघ गुडघ्यात कुठून जाते ते कळतं. गुडघा बदलताना त्या हिशेबाने मांडीचं हाड सहसा 5 ते 7 अंशांच्या कोनात कापतात. हाड मुळातच बाकदार असेल तर हा आकडा बदलतो. बऱ्याच जणांना वाटतं की अख्खा गुडघा काढून दुसरा बसवतात. खरं तर हाडाच्या टोकांचे 8-10 मिलिमीटरचे काप जातात, त्या जागी धातूचं आवरण बसतं आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती. इतक्या पातळ कामात कोन चुकून चालत नाही.

तुमच्या न बोलण्याचेही आभार. ‘दादा, काय दिसतंय?’ असं प्रत्येक जण विचारतो. ‘गुडघा गेला, बदलावा लागेल’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधी आलेलं नाही. फिल्म वाईट असूनही रोज मासुंदा तलावाला फेरी मारणारे लोक आहेत. त्यांना ऑपरेशन नको, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजनावर लक्ष पुरतं. रात्री झोपमोड, घरातल्या घरात चालणं अवघड आणि गोळ्यांनी न थांबणारं दुखणं, हे फिल्मच्या जोडीला असेल तरच बदलायची गोष्ट निघावी.

ऑपरेशननंतरच्या वर्षांत तुम्ही जुनी फिल्म मागवून घेता आणि त्याच कोनातून नवी काढता. नवा सांधा चिकटवणारं सिमेंट आणि हाड यांच्या मध्ये बारीक काळी रेघ पडली, दरवर्षी रुंदावत गेली, तर सांधा सैल होत असू शकतो. किरण जरा तिरके पडले तर ती रेघ दिसतच नाही. म्हणून पेशंटना सांगणं: जुन्या फिल्म रद्दीत घालू नका, सीडी मागून घ्या. खिडकीला धरून काढलेल्या मोबाइल फोटोवर मापं घेता येत नाहीत.

एक काम आमच्याकडून. लांब फिल्मसाठी पेशंटला ज्या लाकडी पायरीवर उभं करता ती डुगडुगते. दोन्ही बाजूंना धरायच्या दांड्या असलेली, रबरी तळाची नवी पायरी बनवायला दिली आहे. दांड्या फिल्मच्या चौकटीबाहेर राहतील इतक्या लांब घेतल्यात. रुंदी तुमच्या स्टँडला बसते का, ते एकदा मोजून कळवा, म्हणजे सुताराला पुढचं सांगता येईल.

आपले,
खुबा आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करणारे ठाण्यातले काही डॉक्टर